तीन रात्रींचा उजेड

वडशाच्या स्टेशनापुढं गिरमाजी चांदेवारचं डेकोरेशन.
खुर्च्यांच्या चळतीमागं तो जेवत होता.
'काय पायजे?'
'उजेड. तीन रात्रींचा. वायरीवाचून.'
'लगन?'
'सिनेमा.'
भाताचा घास हातात तसाच ठेवून
त्यानं माझ्या चपलांकडं पाहिलं. बजेट कळलं त्याला.

नऊ मिनिटांचा सिनेमा.
एक बाई रात्री धुऱ्यावरून चालत जाते.
कुठं जाते ते शेवटी कळतं,
किंवा नाही कळत, अजून ठरलं नव्हतं.
ठरलं होतं एवढंच की तिचा चेहरा दिसायला हवा
आणि रात्रही राहायला हवी.

म्हणून अहिल्याबाईंनाच सोबत नेलं होतं.
राइस मिलमधून तशाच आलेल्या, केसांत कोंडा.
भरदुपारी शटर ओढून घेतलं
आणि एकेक दिवा त्यांच्या तोंडासमोर धरत गेले.

पहिला वरातीतला, डोळे दिपवणारा.
त्यात बाई राखेची झाली.
दुसरा नवाकोरा, डब्यावर नुसते आकडेच आकडे.
त्यात कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत
हिरवट कावीळ उतरली.
मोबाईलच्या काचेत बघून अहिल्याबाई म्हणाल्या,
'हे कोन वं? मेल्यावर अशी दिसन मी.'
'गोऱ्या नवरीले चालते तो,' गिरमाजी म्हणाला,
आणि बोलून गेल्यावर उगाच खुर्च्या मोजू लागला.

तिसरा मागच्या फळीवर होता, वहीएवढा,
कडेला चिकटपट्टी, बटण सैल.
लावला. काहीच झालं नाही.
म्हणजे बाई होती तशी राहिली :
मोहाच्या टोरीसारखी तपकिरी, गालावर कांजण्यांचा वण,
कोंडा कोंड्याच्याच रंगाचा.
'हाच.'
'हा? याचा तं उजेडच पडत नाई लोकाइच्या नजरेत.'

पूर्ण लावला तर बॅटरी चाळीस मिनिटं,
अर्ध्यावर दोन तास.
दुसरी बॅटरी पोट फुगलेली, ती परत ठेवली.
तेव्हा तालमी अंधारात करायच्या,
पाऊल कुठं पडतं ते पायांनाच पाठ करायला लावायचं.
स्टँड नव्हता, बांबू होता. बांबूखाली माझा भाऊ.
दिव्याच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचे दोन पदर.

पहिल्या रात्री तुडतुडे आले.
अख्ख्या बांधीतले, धान सोडून.
अहिल्याबाई ओठ मिटून चालल्या, पापण्या मिटल्या नाहीत.
ते फुटेज मी अजून पुसलेलं नाही, कामाचंही नाही.

दुसऱ्या रात्री फॉरेस्टचा गार्ड आला.
वाघीण पिलांसह तळ्याकडं आहे म्हणाला.
आम्ही दिवा विझवला, गाडीत बसून चिवडा खाल्ला,
बॅटरी वाचली.

तिसऱ्या रात्री माळ्यावर दसरू भोयर जागलीला होता.
आमचा शॉट सुरू, बाई धुऱ्याच्या मध्यावर,
तेवढ्यात दूर कुठं डुकरं खसफसली
आणि त्यानं बॅटरीचा झोत फेकला, होऽऽ होऽऽ करत,
बाईच्या पाठीमागून, लोंब्यांच्या टोकांवरून,
बोडीच्या पाण्यापर्यंत.
एवढी मोठी रात्र माझ्या पैशांत बसत नव्हती.
अहिल्याबाई थांबल्या. वळल्या.
हे कागदावर नव्हतं.
माझ्याही तोंडून 'कट' निघालं नाही.

खाली उतरून दसरूनं बिडी पेटवली.
'मी दिसन का सिनेमात?'
'तुमचा उजेड दिसेल.'
'मंग चालते.'

चौथ्या दिवशी दिवा परत केला.
गिरमाजीनं काच काढली, पेपरवर उलटी ठोकली :
मूठभर मेलेले तुडतुडे.
'साफसफाईचे पन्नास वेगळे.'
दिले.
मी वळले तेव्हा तो दिवा लावून
स्वतःचा हात त्याच्यासमोर धरून बसला होता,
आधी पालथा, मग उताणा.
पावती द्यायची राहिली.